करड्या छटांतलं शरीर

पोटाच्या सीटी स्कॅनची आडवी प्रतिमा पहिल्यांदा पाहणारा माणूस यकृतापाशीच अडतो. यकृत उजव्या बाजूला असतं हे शाळेपासून पाठ असतं; पडद्यावर मात्र तो मोठा करडा भाग डावीकडे पसरलेला दिसतो. रुग्ण उताणा झोपला आहे आणि आपण त्याच्या पायांशी उभं राहून डोक्याकडे पाहतो आहोत, असं धरून ही प्रतिमा मांडलेली असते. त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. पोट वर, पाठीचा कणा खाली. जगभर हाच रिवाज आहे. छातीच्या एक्स-रेलाही तोच: समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावं तसं फिल्मकडे पाहायचं.

एमडी रेडिओलॉजीला आलेल्या रेसिडेंटला हे अर्थातच ठाऊक असतं. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, डिसेक्शन हॉल, हाडांचे सेट, प्रवेशपरीक्षेची जागरणं असं सगळं पार करून तो आलेला असतो. तरीही पहिले काही महिने रिपोर्टिंग रूममध्ये त्याला जड जातात. लेक्चरर मॅडम पडद्यावरच्या एका गोल ठिपक्यावर माऊसचा बाण नेतात आणि विचारतात, "हे काय?" तो म्हणतो, "मॅडम, लिम्फ नोड." मॅडम बरोबर-चूक काही सांगत नाहीत, "चाक फिरव," एवढंच म्हणतात. माऊसचं चाक फिरतं, काप एकामागून एक सरकतात, ठिपका लांबट होतो, एका बाजूला वळतो आणि आतड्याच्या वेटोळ्याला जाऊन मिळतो. गाठ नव्हतीच, आतडं होतं.

काकडी आडवी चिरली तर गोल चकती मिळते, उभी चिरली तर लांब फाक, काकडी तीच. शरीर तर अशा नळ्यांनीच भरलेलं आहे: रक्तवाहिन्या, आतडी, पित्तनळ्या, मूत्रवाहिन्या. त्या सरळ जात नाहीत, वळतात, एकमेकींना ओलांडतात. एकाच कापात गोल दिसणाऱ्या दहा गोष्टींपैकी कोणती काय, हे त्या एका कापावरून सांगता येत नाही. वर-खाली सरकत तिचा माग काढावा लागतो. ती कुठून आली, कुठे गेली, वाटेत कुणाला भेटली हे पाहिलं की मगच तिचं नाव घ्यायचं.

शिकवणाऱ्या रुग्णालयांच्या रिपोर्टिंग रूममध्ये बसून हे शिक्षण पाहताना एक गोष्ट मनात पक्की झाली. स्कॅन वाचणारा डॉक्टर आजार शोधतो, असं आपण समजतो. पण आजार ओळखणं हा या विद्येचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध निरोगी शरीर ओळखण्याचा असतो; कष्ट जास्त त्यातच आहेत, आणि त्यासाठी वेळ मात्र सर्वात कमी मिळतो.

०

वैद्यकीय महाविद्यालयात शरीराची पहिली ओळख होते ती डिसेक्शन हॉलमध्ये. १९४९च्या ॲनाटमी ॲक्टखाली मिळणारे बेवारस मृतदेह आणि देहदान करणाऱ्यांची शरीरं यांवर महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. त्या ओळखीला पर्याय नाही. अवयव हातात घेतल्याशिवाय त्याचं वजन, त्याचा पोत, तो कशाला चिकटलेला आहे हे कळत नाही. परंतु फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला देह आणि जिवंत देह यांत अंतर असतं. मृतदेहातल्या रोहिण्या रिकाम्या असतात, फुप्फुसं आकसलेली असतात, सगळ्यावर एकच तपकिरी रंग चढलेला असतो. जिवंत माणसात श्वासागणिक मूत्रपिंडं काही सेंटिमीटर वर-खाली सरकतात. जठराचंही तसंच. शवविच्छेदनातून जे जठर पुस्तकांत आलं होतं, त्यापेक्षा उभ्या असलेल्या जिवंत माणसाचं जठर किती तरी खाली लोंबतं आणि माणसागणिक त्याचा आकार किती बदलतो, हे बेरियमसारखं द्रव्य पाजून एक्स-रे काढायला लागल्यावरच डॉक्टरांना दिसलं.

दुसरं अंतर दिशेचं. विच्छेदन वरून आत जातं: त्वचा, चरबी, स्नायू, मग पोकळी. स्कॅन आडवा काप घेतो. या कापांचं वेड स्कॅनरच्या कितीतरी आधीचं आहे. रशियन शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव यांनी सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळ्यात गोठलेले मृतदेह करवतीनं तिन्ही दिशांनी कापले आणि १८५०च्या दशकात त्यांचा ॲटलास प्रसिद्ध केला. अवयव जागचे हलू नयेत म्हणून त्यांनी थंडीचा उपयोग करून घेतला. त्या काळी शल्यचिकित्सकांना त्याचा मर्यादित उपयोग होता. आज त्या पानांवरच्या रेषा सीटीच्या जोडीला ठेवून वाचता येतात. पुढे १९९४ साली अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्पातला पुरुषदेह जगासमोर ठेवला: टेक्ससमध्ये मृत्युदंड झालेल्या आणि देह विज्ञानाला दिलेल्या जोसेफ पॉल जर्निगन या कैद्याचं गोठवलेलं शरीर, एकेक मिलिमीटरनं तासत गेलेलं, १८७१ काप. प्रत्येक कापाचं छायाचित्र आणि त्याच शरीराचे सीटी व एमआरआय. करड्या छटेच्या जागी खरं मांस कसं दिसतं हे शेजारी ठेवून पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

आपल्याकडे २०१९पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच छातीच्या एक्स-रेवर आणि हातापायांच्या फिल्मवर रचना ओळखता आल्या पाहिजेत असं लिहिलेलं आहे. हे योग्यच झालं. मात्र अभ्यासक्रमात ओळ येणं आणि शंभर-दीडशे मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या डोळ्यांखालून पुरेशा फिल्म जाणं यांत फरक पडतो, आणि तो फरक पुढे रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षात दिसतो.

०

सीटीच्या करड्या रंगामागे आकडा असतो. ईएमआय कंपनीतले अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. ती प्रतिमा ८० बाय ८० चौकटींची होती. आजची ५१२ बाय ५१२ची असते. प्रत्येक चौकटीतला भाग क्ष-किरणांना किती अडवतो याचा एक आकडा निघतो, त्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. पाणी शून्य, हवा उणे १०००. चरबी उणे १००च्या आसपास. कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणारं द्रव्य, न देता पाहिलेलं निरोगी यकृत ५०-६०, प्लीहा त्याहून थोडी कमी. नुकतंच गोठलेलं रक्त ६०-८०. हाड शेकड्यांत, घट्ट हाड हजारावर.

हा पट्टा इतका लांब आहे की तो सगळा एकदम पडद्यावर दाखवला तर यकृत आणि प्लीहा यांतला फरक डोळ्याला कळणारच नाही. म्हणून 'विंडो' लावायची. मेंदू पाहताना ० ते ८० एवढ्याच आकड्यांना काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सगळ्या छटा वाटून द्यायच्या. शून्याच्या खालचं सगळं काळं, ८०च्या वरचं सगळं पांढरं. मग मेंदूचा बाहेरचा करडा थर आणि आतला पांढरा भाग वेगळे दिसू लागतात. फुप्फुसासाठी हीच खिडकी प्रचंड रुंद करून हवेच्या बाजूला सरकवायची, तेव्हा आतल्या बारीक वाहिन्या उमटतात. पोटाच्या विंडोमध्ये तेच फुप्फुस सपाट काळं दिसतं. छातीचा एकच स्कॅन निदान तीन वेळा पाहायचा असतो: फुप्फुसासाठी, मऊ भागांसाठी, हाडांसाठी. बरगडीतली बारीक चीर पोटाच्या विंडोमध्ये पांढऱ्यात बुडून जाते. नवा रेसिडेंट घाईत विंडो बदलायला विसरतो आणि वरिष्ठ त्याच्या हातून माऊस न घेता फक्त म्हणतात, "बोन विंडो लाव."

आकड्यांचा एक फायदा नवशिक्याला लवकर उमगतो. साध्या स्कॅनवर यकृत प्लीहेपेक्षा किंचित उजळ असायला हवं. ते काळपट दिसत असेल तर त्यात चरबी साठली आहे. पण 'किंचित उजळ' म्हणजे किती, हे नजरेत बसायला निरोगी यकृतं भरपूर पाहिलेली असावी लागतात.

एमआरआयला असे ठरलेले आकडे नाहीत. तिथे आधी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याकडे पाहायचं: ते काळं असेल तर सहसा टी-वन प्रकारची प्रतिमा, पांढरं असेल तर टी-टू. एवढं कळल्याशिवाय पुढचं काहीच वाचता येत नाही.

०

छातीचा एक्स-रे सर्वात स्वस्त, सर्वात जास्त काढला जाणारा आणि माझ्या मते वाचायला सर्वात कठीण. कापांची सोय इथे नाही. छातीची सगळी खोली एका फिल्मवर दाबून बसवलेली असते. त्यात दिसू शकणाऱ्या छटा मोजून पाच: हवा, चरबी, पाणी आणि मांस, हाड, धातू. रक्त, स्नायू, हृदय आणि फुप्फुसात साठलेला पू या सगळ्यांची छटा एकच.

मग कडा दिसते कशी? सिनसिनाटीचे रेडिओलॉजिस्ट बेंजामिन फेल्सन यांनी १९५० साली जे नीट मांडलं ते आजही पहिल्या आठवड्यात शिकवतात. हृदयाची कडा दिसते ती शेजारी हवेनं भरलेलं फुप्फुस आहे म्हणून. ती हवा गेली, तिच्या जागी पाणी किंवा पू आला, की दोन्हींची छटा सारखी होते आणि कडा पुसली जाते. हृदयाची उजवी कडा पुसली असेल तर दोष उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात. हृदयाची कडा स्पष्ट आहे पण उजव्या पडद्याची, म्हणजे डायफ्रामची रेषा हरवली आहे, तर तो खालच्या खंडात. एका सपाट फिल्मवरून पुढचं-मागचं सांगता येतं ते असं.

इथे रचनेचं ज्ञान किती बारीक लागतं पाहा. फिल्मवर हृदयाची उजवी कडा असते उजव्या कर्णिकेची. डावीकडे वरून खाली महारोहिणीचा फुगवटा, मग फुप्फुसरोहिणी, डाव्या कर्णिकेचा छोटासा भाग आणि डावी जवनिका. उजवी जवनिका हृदयाच्या अगदी पुढच्या भागात असते, तरी समोरच्या फिल्मवर तिची एकही कडा येत नाही. हे ज्याला माहीत नाही त्याला हृदयाचा आकार बदलला तर नेमका कोणता कप्पा वाढला हे सांगता येणार नाही. डायफ्रामचा उजवा घुमट डाव्याहून थोडा वर हवा. फुप्फुसाच्या मुळाशी मात्र उलट, डावं मूळ उजव्याहून वर. हे उलटसुलट दिसलं की कुठेतरी ओढाताण झाली आहे.

फसवणाऱ्या गोष्टी शरीराबाहेरूनही येतात. स्तनाग्राची सावली फुप्फुसातल्या गाठीसारखी दिसते. मंगळसूत्र आणि ताईत टेक्निशियन आधीच काढायला सांगतो, पण लांब वेणी पाठीवर राहिली तर तिची सावली फुप्फुसाच्या टोकावर पडते, आणि नेमकं तिथेच क्षयाचे डाग शोधायचे असतात. म्हणून आपल्याकडच्या एक्स-रे विभागांत 'केस वर बांधा' ही सूचना रोजची आहे.

०

पोटाच्या सीटीत मात्र मजा आहे, आणि तिथे एखाद्या रेसिडेंटच्या खांद्यामागे उभं राहून पाहावं. आधी महारोहिणी शोधायची. कण्याच्या पुढे, किंचित डावीकडे, ठसठशीत गोल. तिच्या उजवीकडे, म्हणजे पडद्यावर डावीकडे, निम्न महाशीर. ती श्वासाप्रमाणे कधी गोल, कधी चपटी. वरून खाली येताना महारोहिणीतून पुढच्या बाजूला पहिली फांदी फुटते ती सीलिॲक, छातीच्या बाराव्या मणक्याच्या आसपास. थोडं खाली सुपीरियर मेसेंटेरिक रोहिणी, कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी. तिच्याभोवती चरबीचं काळं कडं असतं; निरोगी माणसात हे कडं स्वच्छ दिसलंच पाहिजे. स्वादुपिंडाचा कर्करोग पसरतो तेव्हा पहिल्यांदा हे कडं मळतं, आणि शस्त्रक्रिया करता येईल की नाही हे बऱ्याचदा त्यावर ठरतं.

स्वादुपिंड स्वतः ओळखणं नवशिक्याला फार जड जातं. ते आडवं, तिरकं, मऊ, आतड्यांच्या गर्दीत. वाट दाखवते ती प्लीहेची शीर. प्लीहेच्या मुळापासून निघून ही शीर स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटून मध्यरेषेकडे येते. शीर पकडली, तिच्या पुढचा करडा पट्टा पाहिला, की स्वादुपिंडाचं शेपूट आणि धड मिळालं. ही शीर जिथे मेसेंटेरिक शिरेला मिळून यकृताकडे जाणारी मोठी शीर बनते, तिच्या पुढ्यात स्वादुपिंडाची मान.

अपेंडिक्स शोधायची पद्धतही अशीच मागोव्याची. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नुसती नजर फिरवून ते हाती लागत नाही. लहान आतड्याचं एखादं वेटोळं अपेंडिक्स म्हणून खपून जातं. गुदाशयापासून सुरुवात करायची, मोठं आतडं धरून डावीकडून वर, आडवं, मग उजवीकडून खाली यायचं. तळाशी आंधळा कोश. तिथे लहान आतडं ज्या झडपेतून आत येतं तिच्या ओठांत बरेचदा चरबी असते, म्हणून ती काळसर दिसते. झडपेच्या खाली, त्याच बाजूला, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी निघते. बंद टोक दिसलं तरच अपेंडिक्स म्हणायचं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतून सर्जनचा फोन येतो तेव्हा हा सगळा प्रवास मिनिटभरात करावा लागतो. तो मिनिटात जमावा म्हणून आधी शेकडो निरोगी अपेंडिक्स सावकाश शोधलेली असावी लागतात.

एवढं जमलं तरी शरीर एकसारखं नसतं. डाव्या मूत्रपिंडाची शीर बहुतेकांत महारोहिणीच्या पुढून जाते. काही थोड्यांत ती मागून जाते. मूत्रपिंडाला एकच रोहिणी असते असं पुस्तकात वाचलेलं असतं, पण दर तीन-चार माणसांमागे एकात जास्तीची रोहिणी सापडते. आईचं किंवा भावाचं मूत्रपिंड काढून रुग्णाला बसवायचं असेल तेव्हा शल्यचिकित्सक आधी दात्याची सीटी अँजिओग्राफी मागतो ती याचसाठी. ही जास्तीची रोहिणी रिपोर्टमध्ये आली नाही तर ती टेबलावर सापडते.

कॉन्ट्रास्ट दिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटातली प्लीहा तर हमखास घाबरवते. तिच्यात काळे-पांढरे पट्टे उमटतात, कारण तिच्या दोन प्रकारच्या ऊतींतून रक्त वेगवेगळ्या गतीनं वाहतं. सुमारे सत्तर सेकंदांनी काढलेल्या प्रतिमेत तीच प्लीहा एकसारखी दिसते. अपघातात सापडलेल्या रुग्णाच्या स्कॅनमध्ये हे पट्टे पाहून 'प्लीहा फाटली' असं लिहिण्याचा मोह होतो. त्या क्षणी उपयोगी पडते ती पूर्वी पाहिलेली निरोगी प्लीहा.

मुलांचं कोपर हे याचं सर्वात सुंदर उदाहरण. लहान मुलाच्या कोपरातले काही भाग आधी कूर्चेचे असतात, एक्स-रेवर दिसत नाहीत. वयाप्रमाणे त्यांत हाडाचे बिंदू उमटतात. सहा बिंदू, साधारण ठरलेल्या क्रमानं: ढोबळमानानं पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी. वर्षं थोडी पुढे-मागे होतात, क्रम सहसा मोडत नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा उंचवटा, मिडियल एपिकॉन्डाइल, हा तिसरा. त्याच्या शेजारचा ट्रॉक्लिया हा चौथा. आता समजा झाडावरून पडलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या फिल्मवर ट्रॉक्लियाच्या जागी हाडाचा तुकडा दिसतो आणि तिसरा बिंदू आपल्या जागी नाही. तिसऱ्याच्या आधी चौथा उगवत नाही. म्हणजे तो तुकडा ट्रॉक्लिया नव्हेच. उंचवटा तुटून सांध्यात जाऊन अडकला आहे. क्रम माहीत नसलेल्या डोळ्याला ही फिल्म ठीकठाक वाटेल, आणि मुलाचा हात कायमचा अडेल. खात्री नसेल तर दुसऱ्या, न दुखावलेल्या कोपराची फिल्म काढून शेजारी लावण्याची जुनी पद्धत आहे.

०

निरोगी म्हणजे कुणासारखं, हा प्रश्न इथेच उभा राहतो. हाडांवरून वय ठरवायला जगभर ग्रॉयलिख आणि पाइल यांचा ॲटलास वापरतात. डाव्या हाताच्या पंज्याची फिल्म काढायची आणि ॲटलासमधल्या चित्रांशी जुळवायची. पहिली आवृत्ती १९५०ची, दुसरी १९५९ची. त्यातले पंजे आहेत अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडच्या, खात्यापित्या गोऱ्या घरांतल्या मुलांचे, १९३०-४०च्या दशकांत काढलेले. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ तो ॲटलास उघडतात, आणि आरोपी किंवा पीडित मूल अज्ञान आहे का हे ठरवताना न्यायालयंही हाडांच्या तपासणीकडे वळतात. २०१५च्या बाल न्याय कायद्यानं तिला शेवटची जागा दिली आहे: आधी शाळेचा दाखला, मग जन्माचा दाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच नोंदवलं होतं की या चाचणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरावी लागते. ज्यांच्याकडे दोन्ही दाखले नसतात त्या ऊसतोड कामगारांच्या, वीटभट्टीवरच्या, रस्त्यावरच्या मुलांचीच हाडं शेवटी क्लीव्हलँडच्या मुलांशी ताडली जातात. कुपोषणानं हाडांची वाढ मागे पडते हे माहीत असताना हा ताळा मला अन्यायाचा वाटतो. आपल्या मुलांच्या निरोगी हाडांचा भरपूर, नीट नोंदलेला संग्रह प्रत्येक मोठ्या विभागात असायला हवा.

०

अनुभवी डोळा नेमकं काय करतो याचा अभ्यास झाला आहे. हॅरल्ड कुंडेल आणि कॅल्विन नोडीन यांनी १९७५ साली रेडिओलॉजिस्टना छातीच्या फिल्म फक्त एक पंचमांश सेकंद दाखवल्या. एवढ्या वेळात डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलूही शकत नाही. तरी त्यांनी सुमारे ७० टक्के दोष ओळखले. शोध सुरू होण्याआधीच सगळं चित्र 'कुठेतरी बिघडलंय' असं सांगत होतं. निरोगी छाती नजरेत मुरलेली असल्याशिवाय हे होत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. २०१३ साली बोस्टनमध्ये ट्राफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसातल्या बारीक गाठी मोजायला बसवलं आणि एका स्कॅनमध्ये गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घातलं. २० जणांना ते दिसलं नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्या चित्रावर पडली होती, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रानं दाखवलं. जे शोधायचं ठरवलं तेच दिसतं. म्हणून चांगले शिक्षक रचनांची यादी पाठ करून घेतात आणि ती प्रत्येक स्कॅनला, मोठा आजार सापडल्यावरसुद्धा, शेवटपर्यंत वाचायला लावतात: फुप्फुसाची टोकं, हृदयामागचा भाग, डायफ्रामच्या खालचा भाग, कापांच्या कडेला येणारी हाडं. दिवसभरात समोर येणाऱ्या स्कॅनच्या ढिगाऱ्यापुढे ही यादी टिकवणं हे आपल्या सरकारी रुग्णालयांतलं खरं आव्हान आहे, आणि त्याचा दोष एकट्या रेसिडेंटच्या माथी मारणं योग्य नाही.

सोनोग्राफीत तर तयार काप मिळतच नाहीत. हातातला प्रोब जसा वळेल तसा काप. मनगट दोन अंश कललं तर मूत्रपिंड दिसेनासं होतं. इथे रचना डोळ्याइतकीच हाताला पाठ व्हावी लागते. गर्भाच्या १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत हृदयाचे चार कप्पे, लहान मेंदू, कण्याची दुहेरी रेघ, जठराचा काळा बुडबुडा, दोन्ही मूत्रपिंडं, एकेक रचना नाव घेऊन पाहायची असते. एकच रचना अशी आहे की ती दिसली तरी तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला; केंद्राचा १९९४ साली आला. सोनोग्राफी शिकणाऱ्या प्रत्येकाला ही मर्यादा पहिल्या दिवसापासून, कायद्यानं सक्तीचा केलेला फॉर्म एफ भरतानाच, शिकवली जाते. पाहण्याच्या शिक्षणाइतकंच हे न सांगण्याचं शिक्षणही इथे लागतं, कारण त्या एका शब्दानं आपल्या राज्यातल्या कित्येक मुली जन्माआधीच गेल्या.

०

आता यंत्रंही शरीर ओळखू लागली आहेत. बाझलच्या विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेल्या 'टोटलसेगमेंटेटर' या मोफत सॉफ्टवेअरबद्दलचा शोधनिबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला. १२०४ सीटी स्कॅनच्या संग्रहावर घडवलेलं हे सॉफ्टवेअर तेव्हा १०४ रचना ओळखून रंगवत होतं. प्रत्येक मणका, प्रत्येक बरगडी वेगळ्या रंगात. मुंबईत २०१६ साली सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं सॉफ्टवेअर छातीच्या फिल्मवर क्षयाच्या खुणा शोधतं, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षांवरच्यांच्या क्षयतपासणीत अशा सॉफ्टवेअरच्या वापराला मान्यता दिली. जिथे फिल्म वाचायला डॉक्टरच नाही अशा दुर्गम तालुक्यात त्याचा उपयोग मोठा आहे, आणि त्याचं मनापासून स्वागत करायला हवं.

माझी काळजी रेसिडेंटच्या पहिल्या वर्षाबद्दल आहे. रंगवलेला स्कॅन आधी समोर आला तर मागोवा घेण्याची सवय लागणार कशी? हेच सॉफ्टवेअर शिकवायला मात्र उत्तम वापरता येईल: रंग बंद ठेवायचे, रेसिडेंटनं प्रत्येक रचनेचं नाव घ्यायचं, मग रंग लावून पडताळायचं, आणि जिथे दोघांचं पटत नाही तिथे मॅडमना हाक मारायची. मतभेद हमखास होतील अशा जागाही ठरलेल्या आहेत. स्वादुपिंडाचं डोकं आणि त्याला वळसा घालून जाणारं ड्युओडेनम यांची सीमा आखताना सॉफ्टवेअर यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या मानानं बरंच चुकतं, विशेषतः ड्युओडेनम रिकामं आणि आकसलेलं असेल तर. तिथे दोन ठिपके शोधायचे. डोक्याच्या पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यात गॅस्ट्रोड्युओडेनल रोहिणीचा, कॉन्ट्रास्टनं उजळलेला. मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात पित्तनळीचा, काळसर. या दोन ठिपक्यांच्या आतल्या अंगाला आहे ते स्वादुपिंड, बाहेरच्या अंगाला ड्युओडेनम. दोन्ही ठिपके एकाच कापात मिळाले नाहीत तर एक काप वर जायचं, मग एक खाली.